पायातला मोजा गाईकडे कधीच गेला नाही

शमुवेल, तुला माती देऊन आज तेरा दिवस झाले. तुमच्यात तेराव्याला काही नसतं, हे मला माहीत आहे. आमच्यात असतं, म्हणून आजचा दिवस धरून कागद घेऊन बसलो. बोलायचं पुष्कळ आहे. पण आधी एक गोष्ट लिहून टाकतो, म्हणजे पुढे हात अडखळला तरी मुख्य काम झालेलं असेल. तू पायात घातलेला मोजा गाईला कधीही वापरला नाहीस. ती गोष्ट मी रचली होती. न्हावऱ्याच्या टपरीवर, चार माणसं हसावीत म्हणून.

लिहिलं एकदाचं. तीसेक वर्षं जे जिभेवर आलं नाही, ते लिहायला दोन मिनिटं लागली.

हे मार्थावहिनी वाचणार आहेत. त्यांच्या मनात आलं तर तुमच्या मंडळीच्या मासिकातही देतील. म्हणून तुला ठाऊक असलेलंही थोडं सांगावं लागेल. कंटाळू नकोस. तसाही तू माझं बोलणं पूर्ण ऐकून घ्यायचास आणि मग एका वाक्यात मोडून काढायचास.

आपण दोघे दूध संघाचे फिरते कर्मचारी. काम गाई भरवायचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं. गावोगाव लोक आपल्याला डॉक्टर म्हणायचे आणि आपणही ते कधी नाकारलं नाही. मोटारसायकलच्या मागे थंड वायूचा तो जड डबा बांधलेला, त्यात बीजाच्या कांड्या, आणि पिशवीत खांद्यापर्यंत येणारे पातळ प्लास्टिकचे हातमोजे. गाय माजावर आल्याचा निरोप आला की निघायचं. गाय काही पावसासाठी थांबत नाही. अर्ध्या दिवसात पोचलात तर पोचलात, नाहीतर पुढचे वीस दिवस शेतकऱ्याच्या शिव्या खा.

आणि आपला शिरूर-दौंडचा मुलूख कोरडा. घाटाखालच्या माणसाला पावसात गाडी चालवायची सवय असते. आपल्याकडे पाऊस पाहुण्यासारखा यायचा, आणि अचानक पाहुणा आल्यावर घर जसं गडबडतं तसे आपण गडबडायचो. परतीच्या पावसाने धरलं की तीन-तीन दिवस सोडत नसे. संघाने सगळ्यांना गमबूट दिले होते. आम्ही सगळे शेतकऱ्यांची पोरं. आम्ही काय करायचो, तर रेनकोटची पँट गमबुटात खोचायचो. उसाला पाणी धरायला जाताना खोचतात तशी. शेतात ते बरोबर आहे, तिथे पाणी खालून येतं. गाडीवर पाणी मांडीवरून, गुडघ्यावरून ओघळत थेट बुटात उतरतं. न्हावऱ्यातून निघून पारगावच्या पुलावर पोचेपर्यंत माझ्या दोन्ही पायांत दोन बादल्या भरलेल्या असायच्या. गियर टाकताना आतून डुबुक डुबुक आवाज यायचा.

"दत्तोबा, पँट बाहेर काढ," तू म्हणालास.

"चिखल उडतो."

"उडू दे. पँट धुता येते."

"तुला काय कळतं रं त्यातलं? आमच्या सात पिढ्या पाण्यात हुभ्या राह्यल्यात."

"उभ्या राहिल्या असतील. गाडीवर बसल्या होत्या का?"

तुझं बोलणं तुमच्या मिशनच्या शाळेचं, स्वच्छ, इस्त्री केल्यासारखं. त्यामुळे तू चेष्टा केलीस तरी ती समजायला मला क्षणभर उशीर व्हायचा. तोवर तू किक मारून पुढे गेलेला असायचास.

तुला गमबूट मुळातच मान्य नव्हते. त्यांचं नाक गियरच्या दांड्याखाली नीट जात नाही, पायाला गियर कळत नाही, आणि ओल्या रस्त्यावर पायाला काही कळलं नाही तर माणूस पडतो, असं तुझं म्हणणं. तू साधे बूट घालायचास. आणि तरी तुझे पाय कोरडे असायचे. कसे, ते मी पहिल्यांदा वरवंडला पाहिलं. हायवेच्या कडेला एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली आपण थांबलो होतो. तू खाली बसलास, बूट काढलेस, पातळ कोरडा पायमोजा चढवलास. मग पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून तो गाईचा लांब हातमोजा काढलास आणि पायात घातलास. पुढे लोंबणारी प्लास्टिकची बोटं तळव्याखाली दुमडलीस, वरचा भाग गुडघ्यापर्यंत ओढून सैलसर रबराने अडकवलास. त्यावर एक जुना जाड पायमोजा. मग बूट. मग रेनकोटची पँट सगळ्याच्या बाहेरून.

"वरचा मोजा भिजणार की," मी म्हणालो.

"तो भिजण्यासाठीच आहे. प्लास्टिक फाटू नये एवढंच त्याचं काम."

मी इतका हसलो की दुकानाच्या पत्र्याला हात धरून उभा राहिलो. पायाला हात आल्यासारखा दिसत होतास.

आता नीट सांगतो, कारण सगळा घोळ इथेच झाला. तो मोजा नवा नसायचा. गाईसाठी एकदा वापरून झालेला मोजा आम्ही टाकून देत होतो. तू तो घरी न्यायचास, जांभळ्या औषधाच्या पाण्यात धुवायचास, आणि मिशन कंपाउंडातल्या तुझ्या दारात दोरीवर वाळत घालायचास. वाऱ्याने ते फुगले की दहाबारा जण हात वर करून काहीतरी विचारताहेत असं वाटायचं. मार्थावहिनी म्हणायच्या, "भाऊजी, पाहुणे दाराशी येऊन परत जातात. ह्यांना सांगा काहीतरी." वाळल्यावर तू प्रत्येक मोज्याच्या अंगठ्याला गाठ मारायचास. गाठ मारलेला तो पायाचा. तो बाहेरच्या कप्प्यात. गाईचे नवे मोजे आतल्या कप्प्यात, पाकिटात. गाईकडून मोजा पायाकडे यायचा, पायाकडून गाईकडे कधीच नाही. हे मला माहीत होतं. तुझ्याखालोखाल एवढं नेमकं माहीत असलेला माणूस म्हणजे मीच.

आणि त्याच पावसात, न्हावऱ्याच्या टपरीवर, सातआठ जण भज्यांची वाट बघत बसलेले असताना एकाने विचारलं, "काय हो डॉक्टर, तुमचा तो शमुवेल पायात काय घालतो म्हणं?"

मी म्हणालो, "सकाळी पायात, दुपारी गाईत. म्हणून तर त्यानं भरवलेली वासरं जलमल्याबरोबर पळत्यात."

टपरी हसली. चहावाला गाळणं हातात धरून हसला. मला फार बरं वाटलं, शमुवेल. खोटं बोलणार नाही. पाय ओलेचिंब, अंगात थंडी, आणि त्या हसण्याने ऊब आली. तुझं काही वाईट करावं असं मनात नव्हतं. पण खरी गोष्ट सांगितली असती तर एवढं हसू आलं नसतं, हेही मला त्या क्षणी कळत होतं.

पंधरा दिवसांनी वढूला एका गोठ्यात तीच गोष्ट मला परत ऐकवली गेली. सांगणाऱ्याने गळ्याला हात लावून शपथ घेतली. त्याच्या मेहुण्याने म्हणे डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, "आसंल बाबा," आणि कांडी काढायला वळलो.

मग केंदूरच्या भाऊसाहेबांची गाय पिकली. गर्भाशयात पू झाला, गाय आटली. त्याच्या आधीच्या फेरीत ती तू भरवली होतीस. भाऊसाहेबांनी संघाकडे अर्ज दिला की पायातला घाण मोजा वापरल्यामुळे असं झालं.

शिरूरच्या ऑफिसात मला एकट्याला आत बोलावलं. तू बाहेर बाकावर बसला होतास, पाय जुळवून. साहेबांनी विचारलं, "तुम्ही दोघे बरोबर फिरता. हा माणूस पायातला मोजा जनावराला वापरतो, हे खरं आहे का?"

नाही, एवढा एकच शब्द बोलायचा होता. फार तर गाठीचं सांगायचं होतं. पण मी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, की मग ही गोष्ट सुरू कुणी केली. आणि टपरीवरचे सातआठ जण माझं नाव घेणार होते. मी म्हणालो, "नक्की सांगता येत नाही, साहेब. माझं लक्ष माझ्या कामात असतं."

बाहेर आलो तर तू विचारलंस, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "चौकशी केली नुसती."

महिन्याभरात तुला रस्त्यावरून काढून दौंडच्या शीतकरण केंद्रावर पाठवलं. केंदूर-वढूची गावं माझ्याकडे आली. माझ्या घराला जवळ पडणारी.

दौंडला तुझं काम काय, तर दुधाचे कॅन उतरवून घ्यायचे आणि दिवसभर पाइपने फरशी धुवायची. पाऊस असो नसो, पाय पाण्यात. मी पहिल्यांदा भेटायला आलो तेव्हा तू कट्ट्यावर बसून बोटांच्या बेचक्यात पावडर टाकत होतास. चिखल्या झाल्या होत्या, कातडी पांढरी पडून सोलली होती. मग तू पाय पुसून गमबूट चढवलेस आणि पँट आत खोचलीस.

मी काही बोलायच्या आत तूच म्हणालास, "बघ, इथे पाणी खालून येतं. इथे तुझ्या सात पिढ्या बरोबर."

आपण हसलो. तू चहा सांगितलास. मग कप हातात घेऊन, काही विशेष नसल्यासारखं, तू विचारलंस, "दत्तोबा, ही गोष्ट पहिल्यांदा कोण बोललं असेल रे?"

"लोकं बोलत्यात. लोकांला काय."

"मला त्याच्यावर राग काढायचा नाही. फक्त भेटला तर म्हणायचं आहे, बाबा, अंगठ्याची गाठ तरी बघायचीस."

मी चहा संपवला. बशीतलासुद्धा संपवला. मग एसटीची वेळ झाली म्हणालो. त्या दिवशी मी मोटारसायकलवर आलो होतो.

तुला माहीत होतं का, हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल. तुला माहीत होतं आणि तू मोठ्या मनाने गप्प राहिलास, असं मानलं की माझं ओझं निम्मं होतं. म्हणूनच मी ते मानत नाही. तू सरळ माणूस होतास. तुला माहीत असतं तर तू सरळ बोलला असतास. तू मला मित्र मानून विचारलंस आणि मी मित्राच्या तोंडाने खोटं बोललो, असंच धरून चालतो.

आणखी एक कबूल करायचं आहे. ते तसं लहान आहे, पण तुझ्यासमोर कबूल करायला जास्त जड. तू दौंडला गेलास त्याच वर्षापासून मी पायात गाईचा मोजा घालायला लागलो. गमबुटाच्या आत, कुणाला दिसू नये म्हणून. अंगठ्याला गाठ मारून. पँट बाहेर. निवृत्त होईपर्यंत मला एकदाही चिखल्या झाल्या नाहीत. आणि तू भेटलास की मी गमबुटाचीच बाजू लावून धरायचो. तू म्हणायचास, "अजून बादल्या भरतात का?" मी म्हणायचो, "सवय हाय आम्हांला." पाय कोरडे ठेवून ओल्या पायांचा अभिमान मिरवत होतो.

गेल्या महिन्यात दवाखान्यात तुझ्या पायथ्याशी बसलो होतो. मार्थावहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. तुझे पाय गार पडले होते म्हणून मी हातात घेऊन चोळत होतो. त्या पांढऱ्या खुणा अजून होत्या. मला वाटलं, आता. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "काय, हरले का गमबूट?"

"हरले न्हाईत," मी म्हणालो. सवयीने निघून गेलं तोंडातून. तू हसलास, डोळे मिटलेस, आणि वहिनी आल्या.

हे तुझं-माझं शेवटचं बोलणं. ह्याचं मला हसू येतं आणि रात्रंदिवस टोचतही होतं. टोचत होतं असं लिहिलंय, टोचतंय असं नाही. कारण मग रविवार आला.

तुझ्या स्मरणार्थ शिरूरच्या चर्चमध्ये उपासना होती. बाहेर चपला-बुटांची रास, आणि आत सतरंजीवर माणसं दाटीने बसलेली. मी आमच्या बाजूच्या लोकांत भिंतीला टेकून बसलो. मागच्या दाराशी केंदूरचे भाऊसाहेब. आता पार वाकले आहेत, काठी घेऊन आले होते. पाळकांनी प्रार्थना केली आणि म्हणाले, "शमुवेलभाऊंविषयी कुणाला साक्ष द्यायची असेल त्यांनी उभं राहावं." तुमच्यातली ही पद्धत मला माहीत नव्हती. आमच्यात दहाव्याला पुढारी बोलतात, आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलतात. इथे साध्यासुध्या बाया उठून बोलत होत्या. एकीने सांगितलं, शमुवेलदादांनी तिच्या शेळीचं बाळंतपण केलं. एकाने सांगितलं, ते वर्षानुवर्षं चर्चची घंटा वाजवायचे. आणि साक्ष हा शब्द ऐकून मला ऑफिसातली ती खोली आठवली. तिथेही मला साक्षच द्यायची होती.

मी उभा राहिलो. म्हणालो, "मी तुमच्यातला नाही. पण मला एक साक्ष द्यायची राहिलीय."

मग सांगितलं सगळं. टपरी, वासरं, गाठ, साहेब, बाक. सुरुवातीला वासरांच्या वाक्याला दोघेतिघे हसले. मी थांबलो. ते गप्प होईपर्यंत थांबलो आणि पुढे बोललो.

बसणार तेवढ्यात मागून काठी आपटली.

"आरं दत्त्या!" भाऊसाहेब ओरडले. "मला येडं बनवलंस व्हय रं इतकी वर्सं? म्या अर्ज केला तुझ्या टपरीवरल्या चेष्टंवर?"

"व्हय," मी म्हणालो.

"आन् साहेबासमोर बी तोंड शिवून बसला?"

"व्हय, भाऊसाहेब."

पाळक म्हणाले, "मामा, बसून बोला. देवाचं घर आहे."

"देवाचं हाय म्हणूनच बोलतो," म्हातारा म्हणाला. पण काठीला धरून तो उभाच राहिला, आणि त्याचा आवाज खाली आला. "त्या गाईची मागल्या येताला, वासरू झाल्यावर, वार पडली नव्हती. तवा म्याच हात घालून वढली. घाईला आलो व्हतो. डॉक्टरला बोलीवलं न्हाई. तवाच ती आतून नासली असंल. मला आतून ठावं व्हतं. पर ह्याची गोष्ट कानावर आली आन् मला बरं वाटलं. म्हणलं, आपल्या हातानं न्हाई झालं. त्या भल्या माणसाच्या पायावर ढकललं."

मग तो बसला. पाळकांनी गीत सुरू केलं आणि अर्ध्या लोकांना पहिली ओळ लागलीच नाही.

शमुवेल, ह्याने माझा गुन्हा कमी झाला असं मी म्हणत नाही. उलट कळलं की माझ्या चेष्टेने आणखी एका माणसाला खोटं बोलायची सोय करून दिली. पण छातीवर जे बसलं होतं ते उठलं. बाहेर आलो तेव्हा श्वास पोटापर्यंत जात होता. इतक्या वर्षांत तो वरच्या वरच फिरत होता, हे तेव्हा कळलं.

बाहेर मंडपात चहा होता. मार्थावहिनी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी हात जोडले.

"माफ केलं का, असं आज विचारू नका, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मला अजून ठरवायचं आहे. मी ह्यांना म्हणायची, तुम्ही तोंड उघडा. ते म्हणायचे, काम बोलेल. कामच काढून घेतलं, मग बोलणार कोण?"

त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला.

"इथे पन्नास माणसांत सांगितलंत, बरं केलंत. पण गोष्ट नुसत्या पन्नास माणसांत फिरली नव्हती."

"मी काय करू, वहिनी?"

"ज्या रस्त्याने गेली त्या रस्त्याने जा. आणि लिहूनही द्या. बोललेलं लोक फिरवतात. चहा घ्या, गार होतोय."

भाऊसाहेब शेजारीच खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "केंदूर-वढू माझ्याकडं. तिकडं तू येऊ नको, मीच सांगतो. तुझं तू न्हावऱ्याकडचं बघ." एवढा मोठा अर्ज त्यांनी त्या काळी दिला होता, आणि आता गावं वाटून घेत होते. मला तो म्हातारा आवडला.

काल मी निघालो. मुलगा म्हणाला, "आप्पा, या वयात, या पावसात? चारचाकी काढतो." मी नको म्हणालो, मोटारसायकलच काढली. चारचाकीतून उतरलेल्या माणसापाशी टपरीवर कुणी मोकळं बसत नाही. पायात पातळ मोजा, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर जाड मोजा, बूट आणि पँट बाहेरून. गमबूट घरी ठेवले. तेव्हा हो, हरले. तुझ्या हयातीत म्हणायला हवं होतं.

न्हावऱ्याला तो चहावाला आता नाही, त्याचा मुलगा आहे. पण कोपऱ्यात एक जुना गडी बसला होता, त्या दिवसातला. मी तुझं नाव काढताच तो मांडी थोपटून हसायला लागला. "व्हय व्हय! वासरं पळत्यात!" त्याने शेजारच्या दोघांना ती गोष्ट जशीच्या तशी सांगितली. माझीच वाक्यं, माझ्याच जागी थांबून. आणि ते दोघे हसले. माझं स्वतःचं हसू इतक्या वर्षांनी समोर येऊन बसलं होतं. चर्चमध्ये उभं राहणं ह्यापेक्षा सोपं होतं.

"आबा, ती गोष्ट खोटी हाय," मी म्हणालो. "मी रचली व्हती. इथंच बसून."

"आसंल की. गंमतच ती."

"त्या गमतीनं त्याचं काम गेलं. उलटं व्हतं सारं. गाईचा मोजा तो धुऊन पायात घालायचा. पायातला गाईला कवाच न्हाई."

त्याने कप खाली ठेवला. मग त्या दोघांकडे वळून म्हणाला, "ऐकलं न्हवं? आता पुढं सांगताना असं सांगा." आणि मला म्हणाला, "माणूस चांगला व्हता मग."

"लई."

"तू लई हरामी व्हतास."

"व्हय," मी म्हणालो, आणि तिथे पहिल्यांदा मोकळं हसलो. त्याने माझ्यासाठी चहा सांगितला.

पारगावला दोन ठिकाणी थांबलो. वरवंडला तर कुणाला काहीच आठवत नव्हतं. "कोण शमुवेल?" एका दुकानदाराने विचारलं. क्षणभर वाटलं, मग कशाला उकरून काढायचं? पण ज्या गावात तुझ्याबद्दलचं खोटं मेलं, तिथे तुझ्याबद्दलचं खरंही उरलं नव्हतं. म्हणून त्यालाही पहिल्यापासून सांगितलं. त्याने वजनकाटा बाजूला सारून ऐकलं.

शेवटी दौंड. शीतकरण केंद्राचं फाटक बंद होतं, आत नव्या इमारती झाल्यात. पाऊस वाढला होता. फाटकावर परप्रांतातला एक तरुण वॉचमन, छपराखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला.

"किससे मिलना है, चाचा?"

"किसीसे नहीं," मी म्हणालो. "एक आदमी का बताना है. वो इधर काम करता था."

त्याला काय वाटलं कोण जाणे. त्याने आतून दुसरी खुर्ची आणून दिली आणि माझ्या रेनकोटकडे बघून म्हणाला, "बैठो, बारिश रुकने दो." मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. वार आणि वेत ह्यांना हिंदीत काय म्हणतात ते मला येईना, तर हातवारे करून सांगितलं. पण त्याच्याही गावी गाई होत्या, त्याला समजलं. मध्ये एकदा त्याने विचारलं, "मतलब गलती आपकी थी?" मी म्हणालो, "मेरी. पूरी मेरी." त्याने मान हलवली. ना दोष दिला, ना समजूत घातली. पाऊस जरा उघडला तसा मी उठलो. फाटकाच्या आतून कुठून तरी फरशी धुण्याचा आवाज येत होता.

"नाम क्या था उनका?" त्याने विचारलं.

मी तुझं नाव सांगितलं. मोठ्याने, आडनावासकट, आणि कोण ऐकतंय हे बघायला मान वळवली नाही.